पंगत, खाणावळ आणि हॉटेल : नायगावच्या प्रवाशाची शहरी शब्दावली

नांदेडहून देगलूरकडे जाताना नरसीच्या अलीकडे नायगाव लागते. हाच रस्ता पुढे तेलंगणात शिरून हैदराबादेस पोहोचतो. या गावाला मोठी शहरे दोन दिशांना आहेत. हैदराबाद जवळ आहे. मुंबई त्याच्या दुपटीहून अधिक दूर. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ च्या १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. राजधानी बदलली तरी दवाखाना, घाऊक खरेदी, शिक्षण आणि सोयरीक यांच्या वाटा एकदम बदलत नाहीत. त्यामुळे येथील माणूस आजही दोन्ही शहरांना जात असतो, आणि कोणत्याही शहरात उतरल्यावर काही तासांतच त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : जेवावयाचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर शहर त्याला शब्दांत देते. दुकानांवरील पाट्या, भिंतीवरील दरपत्रक आणि वाढणाऱ्या मुलाचे भरधाव उच्चारण यांतून ते त्याच्यापर्यंत पोहोचते. हे शब्द कोठून आले, त्यांच्या मूळ अर्थाचे काय झाले आणि त्यांच्या आड कोणाला कोठे बसता येत होते याचा कोणता इतिहास दडला आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रवासी गावाहून जी शब्दावली घेऊन निघतो तिचा आरंभ 'पंगत' या शब्दापासून करणे सोयीचे आहे. संस्कृत 'पंक्ति' या शब्दाचे हे तद्भव रूप. पंगत बसते, पंगत उठते. पंगतीत कोणाला अधिक व कोणाला कमी वाढले तर तो 'पंक्तिप्रपंच' ठरतो. आणि ज्याला पंक्तीत घेता येत नाही अशासाठी संस्कृतात 'अपांक्तेय' असा एक रोखठोक शब्दच तयार होता. पंगतीत बसण्याची जागा जेवणारा ठरवीत नाही. ती यजमान ठरवितो. वय, नाते, मान आणि, कालपरवापर्यंत अगदी उघडपणे, जात यांवरून ती ठरते. पदार्थही जेवणारा ठरवीत नाही. वाढपी समोर येतो आणि जेवणाऱ्याने फार तर 'वाढा', 'पुरे' आणि 'नको' एवढे तीन शब्द उच्चारले म्हणजे त्याचे भाषिक कर्तव्य संपते. पदार्थाचे नाव ठाऊक नसतानाही पोटभर जेवता येते, हा पंगतीचा विशेष होय.

हॉटेलात नेमके याच्या उलट घडते. तेथे जेवणाऱ्याला आधी बोलावे लागते आणि नाव घेऊन बोलावे लागते. ज्या पदार्थाचे नाव ठाऊक नाही तो पदार्थ मिळत नाही. मिळालाच तर शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून, म्हणजे थोडी मान खाली घालून मिळतो. शहरातील खाद्यदुकाने धुंडाळणे ही म्हणूनच एका अर्थी नामे आत्मसात करण्याची क्रिया आहे, आणि गावाकडचा प्रवासी पहिल्या दिवशी बुजतो तो पदार्थांना क्वचित, नावांना बहुधा.

पंगत आणि हॉटेल यांच्यामध्ये नांदेड परिसरात आणखी एक संस्था आहे व तिचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येत नाही. गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेडला झाले आणि तेथील तख्त सचखंड हुजूरसाहिबाच्या परिसरात लंगर चालतो. 'लंगर' हा शब्द फारसी. जहाजाचा नांगर हा त्याचा एक अर्थ, सूफी खानकाहातील अन्नछत्र हा दुसरा. पण भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारा शब्द वेगळाच आहे. लंगरात लोक ज्या ओळीने बसतात तिला शीख परंपरेत 'पंगत' असेच म्हणतात. 'संगत' आणि 'पंगत' ही तेथे जोडी आहे. व्युत्पत्ती एकच, ध्वनिरूप एकच; अर्थाचा सामाजिक भाग मात्र अगदी विरुद्ध. मराठी पंगतीत ओळ ही भेद राखण्याचे साधन होती, तर लंगराच्या पंगतीत ती भेद मोडण्याचे साधन आहे. राव आणि रंक यांनी एकाच ओळीत जमिनीवर बसावयाचे, हा तिचा नियम. एकाच जिल्ह्यात एकच शब्द अशा दोन विरोधी अर्थांनी शतकानुशतके नांदत आला आहे, ही गोष्ट अर्थविचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून शोभेल.

आता 'खाणावळ'. मराठीत 'करणावळ', 'शिवणावळ', 'धुणावळ', 'लिहिणावळ' अशा स्त्रीलिंगी नामांचा एक गट आहे. क्रियापदापासून बनलेल्या या नामांचा अर्थ त्या त्या कामाचा मोबदला असा होतो. 'खाणावळ' ही याच साच्यात बसते. तिच्या घडणीतच पैसा आहे. याच्या शेजारी 'जेवणावळ' ठेवून पाहावी. दोन्ही शब्दांचा शेवट एकसारखा, पण जेवणावळीत पैशाचा संबंध येत नाही. उलट तेथे पैशाचे नाव काढणे हा यजमानाचा अपमान होईल. 'जेवणे' आणि 'खाणे' या दोन धातूंमधील फरकही येथे काम करीत आहे. जेवण हे विधियुक्त, वेळेचे, ताटावरचे. खाणे हे केव्हाही, कसेही. पैसे देऊन पूर्ण जेवण घेतले तरी त्या ठिकाणाला मराठीने 'जेवणा'चा शब्द दिला नाही, 'खाण्या'चाच दिला. विकत घेतलेल्या अन्नाला जेवणाची प्रतिष्ठा द्यावयास भाषा फारशी राजी नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही. ती प्रतिष्ठा पुढे 'भोजनालय' या संस्कृत शब्दाच्या आश्रयाने मिळाली.

पाट्यांवर 'खाणावळ' आणि 'खानावळ' अशी दोन्ही रूपे दिसतात. दंत्य 'न'चे रूप केवळ अशुद्ध म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही. दवाखाना, छापखाना, कारखाना यांतील फारसी 'खाना' म्हणजे घर, आणि हिंदी-उर्दूतील 'खाना' म्हणजे अन्न, या दोन्ही शब्दांचा शेजार मराठीला दीर्घकाळ लाभला आहे. निजामी राजवटीतील मराठवाड्याला तर विशेषच. असा शेजार परक्या शब्दाला घरचा पोशाख कसा चढवितो याचा उत्तम नमुना म्हणजे 'मुदपाकखाना'. अरबी 'मत्बख' म्हणजे स्वयंपाकघर. त्याचे 'मुदबख' झाले आणि पाकक्रियेतील 'पाक' तेथे ऐकू येऊ लागल्यावर 'मुदपाक' झाले. मूळ शब्दात 'पाक' नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानात होता.

'हॉटेल' या शब्दाने मराठीत आल्यावर आपला मुख्य अर्थच सोडून दिला. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द 'हॉस्पिटल'चा सख्खा भाऊ आहे. पाहुण्याला निवारा देणे हे दोघांचे मूळ काम. मराठीत निवारा गळाला आणि चहा उरला. पत्र्याच्या छपराखाली एक स्टोव्ह आणि दोन बाकडी असली तरी ते 'हॉटेल'. राहण्याचा अर्थ व्यक्त करण्याची पाळी आली तेव्हा भाषेला 'लॉज' हा दुसरा शब्द आणावा लागला. 'बोर्डिंग'ची गंमत याहून वेगळी. मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या लेखी बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. पुण्यात १९३२ पासून चालत आलेले 'बादशाही बोर्डिंग' किंवा माटुंग्याचे १९४२ चे रामा नायक यांचे 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' येथे बोर्डिंग म्हणजे ताट. लॉजने निवारा घेतला आणि बोर्डिंगने शहरात तरी जेवण घेतले, अशी ही वाटणी झाली.

गावातील हॉटेलाविषयी मात्र एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे, कारण शहरातील हॉटेलाचा अर्थ तिच्याशिवाय कळत नाही. मराठवाड्यात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतही गावच्या हॉटेलात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी वेगळे कप ठेवण्याची चाल होती. कप बाहेर कोनाड्यात किंवा वळचणीला असे. घेणाऱ्याने तो स्वतः घ्यावयाचा, वरून ओतलेला चहा प्यावयाचा आणि स्वतः विसळून पुन्हा तेथेच ठेवावयाचा. म्हणजे 'हॉटेल' हा शब्द नवा, चहा नवा, पैसे दोघांचे सारखे. पण आतली व्यवस्था पंगतीची. भारताच्या संविधानाने १९५० मध्ये पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. त्यानंतर १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातील प्रवेशाबरोबरच तेथील भांडी वापरण्याचा हक्कही स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. कायदा करणाऱ्यांना भांड्याचा वेगळा निर्देश का करावा लागला, हे त्या कोनाड्यातील कपाकडे पाहिल्यावर समजते. १९७६ च्या दुरुस्तीने या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. कायद्यापूर्वीही हा भेद मोडण्याचे प्रयत्न अन्नाच्याच मार्गाने झाले होते. रत्नागिरीत १९३३ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने अखिल हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. 'सहभोजन' हा शब्दच सांगतो की साधे 'भोजन' हे 'सह' नव्हते.

अशा गावातून हैदराबादेत उतरलेल्या माणसाला चौकातले इराणी हॉटेल काय वाटत असेल याची कल्पना करता येते. इराणमधील यझ्द व केरमान भागांतून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत आणि पुढे पुणे व हैदराबाद येथे ही दुकाने थाटली. मुंबईत ती चालविणारे बहुधा झरथुष्ट्री, हैदराबादेत इराणी मुसलमान बरेच. संगमरवरी पृष्ठभागाची टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि बिस्किटांच्या काचेच्या बरण्या हे त्यांचे बाह्य रूप सर्वांना परिचित आहे. येणाऱ्याची जात विचारण्याचे इराण्याला कारण नव्हते, आणि विचारली असती तरी उत्तराचा त्याला उपयोग नव्हता. एकच कप, एकच बशी, ज्याने आणा दिला त्याची. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. काचेच्या बरणीतील बिस्किट दिसते. त्याचे नाव ठाऊक नसले तरी बोट दाखविता येते. वर म्हटलेल्या नामांच्या अडचणीतून ही बरणी प्रवाशाची सुटका करते. निरक्षराला आणि परभाषिकाला इराण्याचे दुकान जवळचे वाटले, त्यात या बरणीचाही वाटा आहे.

हैदराबादेत नायगावच्या माणसाला दुसरा सुखद धक्का बसतो तो कानाला. गल्ल्यावरचा माणूस दखनीत 'नक्को' म्हणतो. पंगतीत वाढप्याला थोपविणारा हा आपलाच 'नको', द्वित्त घेऊन परत आलेला. दखनीने मराठीकडून हा शब्द घेतला आणि त्याबरोबर निश्चयार्थक 'च'ही घेतला. 'ऐसाइच', 'मैंइच' या रूपांतील शेवटचा ध्वनी तोच. उत्तरेकडील उर्दू भाषकाला ज्या दोन खुणांवरून हैदराबादी बोली ओळखू येते त्या दोन्ही मराठीच्या देण्या आहेत. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या उर्दू माध्यमातून शिकल्या; १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत त्यांचे विद्यापीठीय शहर बव्हंशी हैदराबाद हेच होते. त्या विद्यार्थ्यांनी चहाच्या टेबलावर जी दखनी ऐकली ती त्यांना निम्मी घरचीच वाटली असली पाहिजे.

घरचा वाटणारा शब्दच कधी फसवितो. हैदराबादच्या मेजवानीत शेवटी 'डबल का मीठा' येतो. 'डबल' म्हणजे येथे डबल रोटी, अर्थात पाव. तो तळून दूधसाखरेत मुरविलेला असतो. मराठी माणसाच्या कानाला मात्र 'डबल' आणि 'मीठ' असे दोन शब्द ऐकू येतात आणि त्याचा हात क्षणभर थबकतो. हिंदी-उर्दूतील 'मीठा' म्हणजे गोड आणि मराठीतील 'मीठ' म्हणजे खारट, तरी दोन्ही शब्द संस्कृत 'मृष्ट' या एकाच शब्दाचे वंशज आहेत. मूळ अर्थ स्वच्छ केलेले, म्हणून चवदार. उत्तरेने ती चव साखरेत पाहिली, मराठीने ती लवणात पाहिली. गुजरातीने तर दोन्ही अर्थ राखले आणि 'मीठुं' गोडालाही म्हटले व मिठालाही. जेवणाला चव कशाने येते याविषयी मराठीने दिलेला हा निर्णय मानला, तर तो मराठवाड्याच्या ठेच्याशी विसंगत नाही.

'टिफिन' हा शब्दही असाच दोन शहरांत दोन अर्थ धारण करतो. हैदराबादेत 'टिफिन सेंटर' या पाटीखाली इडली, डोसा, वडा, उपीट असे सकाळचे खाणे मिळते. तेलुगू व्यवहारात टिफिन म्हणजे पदार्थ. मुंबईत टिफिन म्हणजे डबा, पदार्थ ज्यात ठेवावयाचा ते पात्र. ब्रिटिश अमदानीत दुपारच्या हलक्या खाण्याला हे नाव पडले होते. दक्षिणेने त्यातील खाणे ठेवले, मुंबईने त्याचे भांडे ठेवले. मुंबईहून शिकून आलेला मुलगा हैदराबादेत 'टिफिन आहे का' असे विचारील तर त्याच्यापुढे इडली येईल, यात दोष कोणाचाच नाही.

मुंबईस निघालेल्या प्रवाशाची पहिली फसगत गावाच्या नावानेच होते. 'कोठले?' या प्रश्नाला 'नायगावचा' असे उत्तर दिले की ऐकणाऱ्याला दादरजवळचे नायगाव आठवते. हे दुसरे नायगाव गिरणगावाचा भाग. तेथे व परळ-लालबागेत कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार एका खोलीत दाटीने राहत आणि त्यांचे जेवण खाणावळवालीकडे असे. 'खाणावळवाली' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. येथे खाणावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. एका बाईने आपल्याच चुलीवर दहा-वीस माणसांचे रांधावयाचे आणि महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी घ्यावयाचा, असा तो व्यवहार होता. शब्दाच्या घडणीत मोबदला असूनही तो मोबदला बाईच्या हाती सुखाने पडत नसे. उधारी थकली की सावकार आलाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ हे या खाणावळवाल्यांचेच संघटन होते आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे त्याचे आरंभीचे एक मुख्य काम होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला तेव्हा कामगारांबरोबर त्यांना जेवू घालणाऱ्या या स्त्रियांचीही मिळकत तुटली. आज मुंबईत 'मालवणी खानावळ' किंवा 'मटण खानावळ' अशा पाट्या दिसतात. त्यांत हा शब्द खास चवीच्या जेवणाचा, बहुधा सामिष जेवणाचा निदर्शक झाला आहे. चुलीवरच्या बाईचा अर्थ त्यातून निघून गेला. तो अर्थ भरून काढण्यासाठी आता 'घरगुती जेवण' अशी निराळी पाटी लावावी लागते. म्हणजे जे घरी मिळते त्याचे नाव बाजारात अधिक किमतीला विकले जाते.

खाद्यपदार्थांच्या नावांत मुंबई आणि मराठवाडा यांत जो फरक पडतो त्याची कारणे इतिहासात आहेत. नायगावकडे 'आलू', मुंबईकडे 'बटाटा'. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर आणला, तसाच 'पाव' आणि 'काजू'. किनाऱ्यापासून दूर, दखनीच्या शेजारी असलेल्या प्रदेशाने 'आलू' ठेवला. म्हणून नांदेडच्या बसस्थानकावरील 'आलूबोंडा' मुंबईत 'बटाटावडा' होतो आणि पावात शिरला की 'वडापाव'. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर या जोडपदार्थाचा जन्म झाला, असे सर्वत्र सांगितले जाते. भाषेच्या दृष्टीने पाहता 'वडापाव' हा निर्दोष द्वंद्व समास आहे. घटकांपैकी एक संस्कृत 'वटका'चा वंशज, दुसरा लिस्बनचा. उलट दिशेचे उदाहरण 'सुशीला'चे आहे. भिजविलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला हा न्याहारीचा पदार्थ लातूर-नांदेडकडे घरोघरी होतो. मुंबईत त्याचे नाव घेतले तर ऐकणारा एखाद्या बाईची वाट पाहील. कर्नाटकाच्या उत्तर भागात हाच पदार्थ 'सुसला' म्हणून ओळखला जातो. सीमेवरच्या कानडी नावाला मराठीने ओळखीच्या स्त्रीनामाचा साज चढविला. 'मुदपाक' घडविणारी वृत्ती येथेही काम करीत आहे.

उडुपी हॉटेलांनी मुंबईला पदार्थांइतकेच एक संबोधनही दिले. मालकाला 'अण्णा' म्हणावयाचे. कानडीत 'अण्ण' आणि तेलुगूत 'अन्न' म्हणजे थोरला भाऊ. मराठी घरांतही हे संबोधन जुने आहे. त्यामुळे नायगावचा माणूस माटुंग्यात 'अण्णा' म्हणतो तेव्हा ते त्याला परके वाटत नाही, आणि हैदराबादेत तेलुगू मालकाला तोच शब्द तसाच चालतो. मालक शेट्टी असेल आणि मराठी गिऱ्हाइकाने त्याला 'शेठ' म्हटले तरी बिघडत नाही. 'शेट्टी' आणि 'शेठ' दोन्ही 'श्रेष्ठिन्' या एकाच शब्दाची लेकरे. निरक्षर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उडुपी हॉटेलाची थोर सोय म्हणजे वाढप्याचे पाठांतर. इडली, वडा, साधा, मसाला, म्हैसूर, उत्तप्पा ही नामावळी तो एका श्वासात म्हणतो. दरपत्रक वाचता येत नसलेल्या माणसाला ही मौखिक यादी हाच आधार. तिच्यातील शेवटचे नाव तेवढे ध्यानात राहते, आणि पुष्कळदा तोच पदार्थ मागविला जातो.

पण संबोधनांच्या यादीत एक जागा अशी आहे की तेथे नात्याचे नाव पोहोचलेले नाही. टेबल पुसणाऱ्याला मराठीत 'पोऱ्या' म्हणतात, काही ठिकाणी 'बारक्या'. हैदराबादेत आणि उत्तरेत 'छोटू'. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : लहान. ज्या कामाचे नावच वयावरून पडले ते काम लहान मुलांकडूनच करून घेतले जात असे, हे सांगावयास निराळा पुरावा नको. चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले व चहाची दुकाने यांत कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. आज चाळिशीतल्या माणसालाही गिऱ्हाईक 'छोटू' म्हणून हाक मारते आणि तो ओ देतो. कायद्याने वय बदलले. नामाला ते अजून कळलेले नाही.

पाट्यांवरील शुद्धलेखनाचा एक प्रश्न येथे ओघाने येतो. 'उपाहार' म्हणजे हलका आहार. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. 'उपहारगृह' अशी पाटी लावणारा मालक खरे पाहता अन्न फुकट देण्याचे कबूल करीत असतो. हा विनोद मराठीच्या शिक्षकांनी बराच वापरून झिजविला आहे. ऱ्हस्वदीर्घाहून अधिक विचार करावयास लावणारा शब्द त्याच पाटीवर वरच्या ओळीत असतो : 'शुद्ध शाकाहारी'. स्वातंत्र्यापूर्वी शहरांतील खाणावळींवर 'ब्राह्मणांची' किंवा 'हिंदू' अशी उपपदे लावलेली असत. गिऱ्हाइकाला स्वयंपाक्याची आणि शेजाऱ्याची हमी त्यातून मिळे. संविधानानंतर तशी उपपदे मागे पडली. शाकाहारी माणसाला आपल्या ताटात काय नाही हे कळण्याचा हक्क आहेच, आणि त्यासाठी 'फक्त शाकाहारी' एवढे पुरेसे झाले असते. परंतु निवड झाली ती 'शुद्ध' या शब्दाची. ज्याचा विरुद्धार्थी शब्द 'अशुद्ध' आहे असा शब्द अन्नाला लावला की शेजारच्या ताटाविषयीही काही बोलले जाते. बहुतेक मालकांच्या मनात असे काही नसेल. पाटी रंगविणारा शेजारच्या पाटीची नक्कल करीत असतो. तथापि शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवर सर्वस्वी अवलंबून नसतो, आणि कोनाड्यातील कपातून चहा प्यालेल्याच्या नातवाला ती पाटी वाचताना कोणता 'शुद्ध' ऐकू येतो, हा प्रश्न शब्दकोशाबाहेर टाकता येत नाही.

परतीच्या प्रवासातील शब्द दोन आहेत. पहिला 'पार्सल'. इंग्रजीत टपालाने जाणारे पुडके, मराठीत हॉटेलातून बांधून घेतलेले अन्न. गिऱ्हाइकाने बसून खाल्ले नाही एवढीच आता त्याची व्याख्या. दुसरा शब्द 'खाऊ'. हा बाजारात मागता येत नाही. हैदराबादच्या मोअज्जम जाही मार्केटजवळ फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबाने १९५३ मध्ये काढलेल्या कराची बेकरीत किंवा नीलोफर कॅफेत उस्मानिया बिस्किटे वजनावर मिळतात, तेव्हा ती बिस्किटेच असतात. देगलूर ओलांडून पिशवी घरी पोहोचल्यावर, मुलांनी ती उघडल्यावर, त्यांचा खाऊ होतो. मुले पदार्थाचे नाव विचारीत नाहीत. वाटणी सारखी झाली की नाही एवढेच पाहतात, आणि तशी ती झाली नाही तर जो कालवा होतो त्यात पंक्तिप्रपंचाचा उच्चार आजीच्या तोंडून आजही ऐकावयास मिळतो.